खेचराला शिंगरू का होत नाही? ६३ चा आकडा आणि बाकीची भानगड

माळरान

गेल्या महिन्यात केदारनाथला जाऊन आलो. माझ्या गुडघ्यांनी गौरीकुंडातच हात टेकले, म्हणून खेचर केलं. खेचरीचं नाव बसंती. गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर फाटकी घोंगडी, डाव्या खांद्यावर जखम आणि तिच्यावर थापलेली हळद. हाकणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. भीमबलीला चहाला थांबलो तेव्हा सहज विचारलं, "इसका बच्चा कहाँ है?" पोरगा हसायलाच लागला. "बाबूजी, खच्चर का बच्चा नहीं होता. हर बार घोड़ी से ही बनाना पड़ता है."

हे मला माहीत होतं, पण "का" म्हणून कुणी विचारलं तर? शाळेत शिकलेलं आठवून लिहितो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. घोडीकडून ३२ आणि नर गाढवाकडून ३१ मिळून खेचराची ६३. शुक्राणू किंवा अंडपेशी तयार होताना आईकडची आणि बापाकडची गुणसूत्रं शेजारी शेजारी उभी राहून जोड्या लावतात. ६३ विषम, एक उरतं, गाडी अडते. म्हणून खेचर वांझ.

बरोबर ना? की यात अजून काही आहे? परतीच्या प्रवासात लेकीला हेच सांगितलं तर "एक उरलं म्हणून सगळं का अडेल?" म्हणत तिने असं काही बघितलं की माझा आत्मविश्वास गेला.

ताकभात

रुमाल टाकून ठेवते. आज बँकेची कामं आहेत, संध्याकाळी लिहीन. संस्कृतातली अश्वतरी घेऊन येणार आहे.

उगाच_शंका

लेकीचं बरोबर आहे. ३२ आणि ३१ म्हणजे ३१ जोड्या लागल्या, एक एकटं राहिलं. एका पाहुण्याला जोडीदार नाही म्हणून अख्खं लग्न मोडतं का? त्याला कोपऱ्यात बसवा आणि पुढे चला. मला हे उत्तर शाळेतही पटलं नव्हतं, पण परीक्षेत तेच लिहून दोन मार्क घेतले.

काजवा

@उगाच_शंका, यावेळी शंका उगाच नाही. विषम आकडा हे कारण अर्धवट आहे आणि पुस्तकांत ते फारच थाटात लिहिलेलं असतं.

आधी एक उलटं उदाहरण. मंगोलियात प्रझेवाल्स्की नावाचा रानघोडा आहे. त्याची गुणसूत्रं ६६. आपल्या पाळीव घोड्याशी त्याचा संकर केला की पिल्लाची ६५ होतात. हाही विषम आकडा, तरी हे संकर जनावर धडधाकट प्रजननक्षम असतं. कारण रानघोड्याची दोन छोटी गुणसूत्रं पाळीव घोड्यात एकमेकांना चिकटून एक मोठं गुणसूत्र झालंय, मजकूर मात्र तोच. त्यामुळे जोडी लावताना एका मोठ्याशेजारी दोन छोटी रांगेत उभी राहतात, तिघांचा गट होतो आणि काम भागतं. आपल्या माणसांतही साधारण हजारात एकाची दोन गुणसूत्रं अशी चिकटलेली असतात, म्हणजे एकूण ४५. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो. काहींच्या बाबतीत वारंवार गर्भपात झाले की तपासणीत कळतं.

मग घोडा आणि गाढवाचं घोडं कुठे अडतं? (क्षमस्व, हात शिवशिवत होते.) तर मजकुराच्या क्रमात. त्यांचा समान पूर्वज सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून दोन्हीकडे गुणसूत्रांचे तुकडे पडले, उलटे जोडले गेले, दुसरीकडे जाऊन चिकटले. दोन घरांत ज्ञानेश्वरीची एकेक प्रत आहे, दोन्ही प्रतींची शिवण सुटली आणि पानं वेगवेगळ्या क्रमाने पुन्हा शिवली. ओव्या बहुतेक त्याच, पण दोघांनी शेजारी बसून एकत्र पारायण करायचं म्हटलं तर तिसऱ्या पानावर गोंधळ. खेचरात नुसतं एक गुणसूत्र एकटं पडत नाही. बरीच गुणसूत्रं अर्धी एकाशी आणि अर्धी दुसऱ्याशी जुळतात, काही जुळतच नाहीत. आणि पेशीत या टप्प्यावर तपासनीस बसलेले असतात. जोड्या नीट लागल्या नाहीत की ते त्या पेशीला मरायला लावतात. @उगाच_शंका म्हणतात तसं एका पाहुण्याला कोपऱ्यात बसवता येतं, पण इथे अर्धा मांडव खुर्च्या शोधत फिरतोय.

निवृत्त_पशुवैद्य

काजवा यांनी सांगितलं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे. नर खेचराचं वीर्य काचपट्टीवर घेतलं तर ते पाण्यासारखं असतं. वरिष्ठांनी मला शोधायला लावलं होतं, मी तासभर डोळे फोडले, एक शुक्राणू नाही. पण खरी गोष्ट दिसते ती वृषणाच्या छेदात. वृषणात बारीक नळ्या असतात. नळीच्या कडेला मूळपेशी असतात, त्या खेचरात ठीक दिसतात. त्यांच्या आत विभाजनाला लागलेल्या पेशी, त्याही दिसतात. आणि नळीच्या मधोमध, जिथे शेपटीवाल्या शुक्राणूंची दाटी हवी, तिथे पोकळी. रांग जोड्या लावण्याच्या टप्प्यापर्यंत येते आणि तिथेच संपते.

एक गैरसमज जाता जाता. लोक म्हणतात खेचर नपुंसक असतं. साफ चूक. वृषणाची दोन खाती आहेत, शुक्राणूंचं आणि टेस्टोस्टेरॉनचं. खेचराचं पहिलं बंद, दुसरं जोरात. न खच्ची केलेलं नर खेचर घोडीवर जातं, लाथा घालतं, चावतं, मालकाला सळो की पळो करतं. म्हणून मुळातच वांझ असलेल्या जनावरालाही खच्ची करतात. नवख्या माणसाला हे सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही.

नीरा_डावा_कालवा

नमस्कार. आमच्याकडे गोठ्यात अकरा गायी, सगळ्या एचएफ (होल्स्टीन) क्रॉस. संकरच की. पण त्या दर वर्षी वितात, क्रॉसचे वळूही चालतात. मग त्या का वांझ नाहीत? आणि आमचे चुलते म्हणतात हायब्रीड म्हणजे वांझच, म्हणून ज्वारीचं बी दर साली विकत आणावं लागतं.

निवृत्त_पशुवैद्य

चुलत्यांना नमस्कार सांगा. हायब्रीड ज्वारीचं बी पेरलं तर उगवतं आणि कणीसही धरतं, फक्त पुढच्या पिढीत ताटं उंच-बुटकी होतात, उतारा घटतो. म्हणून बी नवं आणायचं. वांझपणा नाही तो.

गायींचं म्हणाल तर होल्स्टीन काय, जर्सी काय, आपली गीर काय, सगळ्यांची गुणसूत्रं ६०. विलायती आणि वशिंडवाल्या गायींच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी फुटल्या, पण घोडा-गाढवाच्या मानाने ते कालचंच म्हणायचं. नराच्या वाय गुणसूत्राचा आकार तेवढा दोघांत वेगळा दिसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी तर तीन जातींची मिळून केलेली, होल्स्टीन, जर्सी आणि गीर, आणि पिढ्यान् पिढ्या विते. तुमची गाय उलटत असेल, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर माज ओळखण्याची वेळ, खनिज मिश्रण आणि गर्भाशयाचा दाह बघा. संकराला दोष देऊ नका.

म्हशीतही गंमत आहे. आपली मुऱ्हा, पंढरपुरी यांची ५०, आसामकडच्या दलदली म्हशींची ४८. संकराची ४९. पुन्हा विषम, आणि तरी गाभण राहते.

[प्रतिसाद संपादित]

काजवा

वरचा "वर्णसंकर" वाला प्रतिसाद उडवल्याबद्दल संपादकांचे आभार. जगातली सगळी माणसं एकच प्रजाती आहे, लग्न कुणाशीही करा. धागा जनावरांवरच राहू दे.

निवृत्त_पशुवैद्य

आता मला खरं सांगायचं होतं ते सांगतो, कारण यात आकड्यांचा सिद्धांत पुरताच उताणा पडतो.

नोकरीत असताना काही काळ लेहला होतो. लडाखमध्ये याक आणि गाय यांचा संकर करतात. नराला झो म्हणतात, मादीला झोमो. झो नांगराला आणि ओझ्याला याकपेक्षा शांत, झोमो याकच्या मादीपेक्षा जास्त दूध देते. आता हिशेब करा. याकची गुणसूत्रं ६०, गायीची ६०, संकराची ६०. सम आकडा, जोड्या लागायला काही हरकत दिसत नाही. तरी झो वांझ. पक्का वांझ. आणि त्याची सख्खी बहीण झोमो मात्र दर साल-दोन सालांनी विते! झोमोला पुन्हा बैल किंवा याक दाखवून पुढची पिढी काढली तरी त्यातले नर दोन-तीन पिढ्या वांझच निघतात. तिथल्या म्हाताऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी गुणसूत्र हा शब्दही ऐकलेला नसेल.

एकाच आईबापाचं रक्त, भाऊ वांझ, बहीण सुपीक. का?

माळरान

धाग्याने माझ्या उत्तराचं पार भरीत केलं. पण झो-झोमोचं उत्तर कोणीतरी द्या. पोटात गोळा आलाय.

काजवा

या कोड्याला नाव आहे, हाल्डेनचा नियम. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली तो मांडला. दोन प्रजातींच्या संकरात एकच लिंग वांझ, दुर्मिळ किंवा गायब असेल तर ते लिंग असतं दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं. सस्तन प्राण्यांत नर (एक्स-वाय), म्हणून झो वांझ. पक्ष्यांत आणि फुलपाखरांत उलटं, तिथे वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, आणि खरंच तिथे संकरातली मादी आधी वांझ निघते. शंभर वर्षं झाली, नियमाला अपवाद थोडेच. हे हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारतीय नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या नियमाचं जितंजागतं उदाहरणही कोलकात्यातच होतं. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात वाघ बाप आणि सिंहीण आई यांची रुद्राणी नावाची मादी होती, जन्म १९७१ चा. तिला आशियाई सिंहापासून पिल्लं झाली. वाघ-सिंहाच्या संकरातले नर मात्र वांझ. दोघांचीही गुणसूत्रं ३८ आहेत हे लक्षात घ्या.

नियमामागचं कारण. जनुकं एकेकटी काम करत नाहीत, एकमेकांच्या मापाने घडलेली असतात. समजा एकाच कारखान्यातून दोन भाऊ वेगळे झाले. थोरल्याने हळूहळू नटाचा आटा बदलला, त्याचे बोल्ट जुन्याच मापाचे पण त्याला चालतात. धाकट्याने बोल्ट बदलला, त्याचा नट जुनाच. दोघांचाही माल आपापल्या जागी ठीक. पण थोरल्याचा नट धाकट्याच्या बोल्टवर बसतो का, हे कधी कुणी तपासलेलंच नाही. संकरात पहिल्यांदाच ते एकमेकांना भेटतात आणि आटा बसत नाही. कोणाचीच चूक नाही. बेटसनने १९०९ मध्ये, मग डोब्झान्स्की आणि मुलर यांनी ३० आणि ४० च्या दशकांत हेच सांगितलं.

आता भाऊच का? बहिणीकडे दोन एक्स, एक आईकडचा, एक बापाकडचा. एकाचा आटा बसला नाही तरी दुसरा सांभाळून घेतो. भावाकडे एकच एक्स, झाकायला काही नाही. शिवाय शुक्राणू घडताना एक्स आणि वाय यांना काही काळ कुलूप लावून गप्प बसवावं लागतं. संकरात ते कुलूप नीट लागत नाही, आणि जी जनुकं त्या वेळी बंद हवीत ती बडबडत राहतात.

उगाच_शंका

नट-बोल्ट छान आहे. पण मला उपमा नको, एक तरी खरं जनुक दाखवा. नाव, गाव, पत्ता.

काजवा

दाखवते. नाव पीआरडीएम-९. पत्ता उंदीर.

युरोपात घरगुती उंदराच्या दोन उपजाती आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची. दोघींची गुणसूत्रं ४०. काही संकरांत नर वांझ निघतात. प्रागच्या प्रयोगशाळेने कित्येक वर्षं या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि २००९ मध्ये जनुक पकडलं. सस्तन प्राण्यांत संकराचं वांझपण घडवणारं हे पहिलं ओळखलेलं जनुक.

ते करतं काय? जोड्या लावण्याआधी पेशी आपलीच गुणसूत्रं मुद्दाम ठिकठिकाणी तोडते. तुटलेलं टोक आपला जोडीदार शोधत जातं आणि त्याच्यावरून नक्कल करून स्वतःला सांधतं. याच शोधात जोडी लागते. कुठे तोडायचं ती खूण पीआरडीएम-९ ओळखतं. आता गोम बघा. जी खूण तुटते ती सांधताना जोडीदाराचा मजकूर उतरवला जातो. म्हणजे चांगली खूण वापरली जाते आणि वापरल्यामुळेच हळूहळू पुसली जाते. हजारो पिढ्यांत पूर्वेच्या उंदराने आपल्या पीआरडीएम-९ च्या आवडीच्या खुणा आपल्या गुणसूत्रांवरून झिजवल्या, पश्चिमेच्याने त्याच्या.

संकरात दोन्ही एकत्र आले. पूर्वेचं पीआरडीएम-९ बघतं तर पूर्वेच्या गुणसूत्रावर खुणा झिजलेल्या, पश्चिमेच्या गुणसूत्रावर मात्र त्याच खुणा कोऱ्या करकरीत, कारण तिथे त्या कुणी वापरल्याच नव्हत्या. ते तिथेच जाऊन तोडतं. दुसरं त्याच्या उलट करतं. जोडीतल्या दोघांना एकाच ठिकाणी खूण मिळत नाही, सांधायला वेळ लागतो, जोड्या लागत नाहीत, तपासनीस येतात, पेशी मरतात. निवृत्त_पशुवैद्य यांना नळीत दिसली तशीच पोकळी.

आणि पुरावा? २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदराच्या पीआरडीएम-९ चा खूण ओळखणारा भाग काढून तिथे माणसाचा बसवला. माणसाच्या आवडीच्या खुणा उंदरांत कुणीच झिजवलेल्या नव्हत्या, दोन्ही उपजातींत सारख्याच शाबूत. वांझ होणारे संकर नर बाप झाले. @उगाच_शंका, अजून पत्ता हवा?

उगाच_शंका

नको. साष्टांग. (दिवे घेऊन विचारतो, खेचरातही हेच असेल का?)

काजवा

खेचरात पानांचा क्रमच इतका विस्कटलेला आहे की जोड्या मोडायला तो एकटा पुरेसा आहे. वर ४० लाख वर्षांत आटे बदलले असणारच. एकाच गुन्हेगाराला पकडून फाशी देता येईल अशी ती केस नाही.

ताकभात

उशीर झाला, धागा फारच पुढे गेला. माझी अश्वतरी आणते.

संस्कृतात खेचरीला अश्वतरी म्हणतात, आणि एक उपमा वारंवार येते: अश्वतरीला राहिलेला गर्भ तिचाच जीव घेतो. म्हणजे ती गाभण राहणं अशुभ आणि जवळपास अशक्य. ग्रीकांकडे हेरोडोटसने सांगितलेली गोष्ट आहे. बॅबिलोनला वेढा पडलेला असताना तटावरून एकजण ओरडतो, खेचरं विऊ लागतील तेव्हा तुम्ही आम्हाला जिंकाल. आणि एक खेचर वितं! रोमन लोक तर "खेचर विईल तेव्हा" असंच म्हणत, आपण "सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा" म्हणतो तसं. माझा प्रश्न: लोकांनी इतक्या ठिकाणी विणाऱ्या खेचरीची गोष्ट का रचावी? कधीतरी कुणीतरी पाहिलं असेल का?

काजवा

पाहिलं असणं शक्य आहे! १९८४ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात क्राउझ नावाच्या खेचरीला शिंगरू झालं. बाप नर गाढव. रक्त आणि गुणसूत्रं तपासून खात्री करण्यात आली. पुढे तिला दुसरंही झालं. २००२ मध्ये मोरोक्कोत असाच प्रकार घडला. नर खेचरापासून मात्र पिल्लू झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. हाल्डेन साहेब इथेही डोकावतात.

क्राउझच्या शिंगराची गुणसूत्रं ६३ भरली, म्हणजे तेही खेचरच. याचा अर्थ क्राउझच्या अंडपेशीत गाढवाकडचं काही गेलंच नाही, आईकडून, म्हणजे घोडीकडून, मिळालेला ३२ चा संच जसाच्या तसा गेला. नाणेफेकीने असं घडायची शक्यता अब्जांत एक. दोनदा तर नाहीच. म्हणजे अशा खेचरीत गुणसूत्रं जोडी लावण्याच्या फंदात न पडता एका बाजूचा अख्खा गठ्ठाच उचलला जात असावा. युरोपातला एक संकर बेडूक तर हेच नेमाने करतो, एका पालकाचा संच फेकून देतो आणि दुसऱ्याचा पुढे पाठवतो.

निवृत्त_पशुवैद्य

खेचरीबद्दल भर घालतो. मादीत जोड्या लावण्याचा टप्पा ती आईच्या पोटात असतानाच सुरू होतो. त्यामुळे खेचरीच्या बहुतेक अंडपेशी ती जन्मायच्या आधीच किंवा लगेच नंतर संपतात. उरतात थोड्या. त्या थोड्यांच्या जोरावर बऱ्याच खेचरी माजावर येतात, वेळापत्रक मात्र बेभरवशी.

@माळरान, बसंतीचे कान लांब होते आणि शेपूट घोड्यासारखं केसाळ होतं का?

माळरान

कान लांब, शेपूट झुपकेदार. आणि हो, पोरगा म्हणाला होता, "कुछ दिन इसका दिमाग खराब रहता है, काटती है." आता उलगडलं.

निवृत्त_पशुवैद्य

मग ती खेचरीच. वडील गाढव, आई घोडी. आणि एक ऐका. तिचं गर्भाशय ठणठणीत असतं. १९८० च्या दशकात खेचरींच्या गर्भाशयात घोडीचे आणि गाढविणीचे भ्रूण ठेवून पाहिले. त्यांनी गर्भ पूर्ण दिवस वाढवले, व्याल्या, शिंगरांना दूध पाजलं. जे बिघडतं ते अंडपेशीच्या कारखान्यात, आईपण सगळं शाबूत.

नीरा_डावा_कालवा

हे वाचून काढलं आणि चुलत्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, ते सगळं ठीक, पण बी तर विकतच आणावं लागतं ना. तीन नंबरची गाय माजावर आहे, पहाटे डॉक्टरला फोन लावतो.

माळरान

सगळ्यांचे आभार. लेकीला धाग्याची लिंक पाठवली, तिचं उत्तर: "मी बोलले होते."

त्या पोराचा नंबर होता माझ्याकडे. काल फोन केला. म्हटलं, सुनो, खच्चर का अपना बच्चा नहीं होता, लेकिन खच्चर के पेट से घोड़ी का बच्चा हो सकता है, डॉक्टर लोगों ने करके देखा है. तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे घुंगरांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तो बाबूजी, वो बच्चा बसंती का हुआ कि घोड़ी का?"

@काजवा, याला काय सांगू?